दोन गाड्या वाढवायच्या की हायवेला गोडाऊन बांधायचं? घरचा ट्रान्सपोर्ट आहे, सल्ला पाहिजे

हायवेकाठी_संकेश्वर

नमस्कार मंडळी. आमचा संकेश्वरला (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) घरचा ट्रान्सपोर्ट आहे. १९९४ ला वडील आणि आप्पा (धाकटे काका) दोघांनी मिळून एक जुनी सहा चाकी घेतली, आप्पा चालवायचे आणि वडील माल बघायचे, निपाणीची तंबाखू आणि सीझनला कारखान्याची साखर. आज नऊ गाड्या आहेत, पाच दहा चाकी, दोन बारा चाकी, दोन आयशर. पाच वडिलांच्या नावावर, चार आप्पांच्या. शिवाय निपाणीत तंबाखूची एक जुनी वखार भाड्यानं घेतलीय, तिथं तीन डिस्ट्रिब्युटरांचा माल उतरवून ठेवतो आणि आयशरनं चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूर, इचलकरंजीला पोचवतो.

आता घरात दोन मतं झाल्यात. चुलतभाऊ म्हणतोय अजून दोन दहा चाकी घेऊया, काम आहे, गाड्या कमी पडायल्यात, बाहेरच्या गाड्यांना आपण भाडं देतोय ते घरात राहील. मी म्हणतोय गाड्या पुरे, हायवेला लागून आमची सव्वादोन एकर पड आहे तिथं चांगलं गोडाऊन बांधूया. वडील दोघांचं ऐकून घेतात आणि गप्प बसतात.

माझं डोकं गोडाऊनकडं का वळलं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात वखारीत चहाच्या १४० पेट्या तीन आठवडे होत्या. वखार झाडून, चुना मारून घेतलेली, पण तिथं कित्येक वर्षं तंबाखू होती, ती भिंतीतच मुरलीय, आणि पावसाची ओल आली की वास सुटतो. दुकानदारानं पेटी फोडली आणि सगळ्याच्या सगळ्या पेट्या परत. वडिलांनी एक पाकीट फोडून चहा तळहातावर घेतला, वास घेतला, आईला करायला सांगितला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरचे पैसे भरून दिले. तो माणूस आजही आमच्याकडंच माल ठेवतो पण चहा ठेवत नाही.

हिशोबाचं खरं सांगायचं तर डिझेलच्या पावत्या अजून तारेत ओवलेल्या असतात, नऊ गाड्यांची एकच तार. महिन्याला घरात किती आले ते कळतं, कुठल्या गाडीनं आणले ते कळत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पुढं कसं जायचं?


उद्यमबाग_केए२२

भावा आधी एका तारेच्या नऊ तारा कर, मग पुढचं बोलू.

चेष्टा नाही करत. आमच्या अकरा गाड्या आहेत, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग पुणे-चाकणला. पाच वर्षांपूर्वी मुलीनं गाडीवार वह्या घातल्या, डिझेल, टायर, टोल, भत्ता, गॅरेज, हप्ता, आणि किती दिवस उभी होती ते पण. तीन महिन्यांत कळलं की अकरातल्या दोन गाड्यांना बाकीच्या नऊ पोसायल्यात. एक तर आमची सगळ्यात लाडकी गाडी होती, पहिली घेतलेली, तिला विकताना भाऊ रडला, पण विकली.

हिशोब असा बघ. बेळगाव-पुणे जाऊन येऊन साधारण ६८० किमी, दहा चाकी भरून पावणेचारच्या आसपास देते म्हणजे १८० लिटर डिझेल. डिझेल जिथं स्वस्त तिथं टाकी फुल करतो, ते तू पण करतच असशील. हे सगळे पैसे आज रोख जातात आणि भाडं येतं साठ दिवसांनी, कधी पंच्याहत्तर. मग एक गाडी वाढली की नुसता हप्ता वाढत नाही, दोन अडीच महिन्यांचं डिझेल आणि भत्ता खिशातून घालायचे पैसे पण वाढतात. दोन गाड्या घेतल्या आणि तिसऱ्या महिन्यात डिझेलला सावकाराकडं गेले असे आपल्या पट्ट्यातले चार तरी माझ्या ओळखीचे आहेत. गाडी बँक देते, डिझेल बँक देत नाही.

रिटर्न लोडचं तर विचारूच नको. पुण्याकडून माल मिळतो पण अड्ड्यावर दोन दोन दिवस गाडी उभी. महिन्यात ट्रिप किती होतात यावर सगळं आहे, सहा झाल्या तर बरं आणि चार झाल्या तर हप्ता घरातून.

वसुलीसाठी एक कर, उद्यम रजिस्ट्रेशन (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) करून घे, फुकट होतं, आणि नंबर प्रत्येक बिलावर छाप. लेखी करार असेल तर ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यायला लागतात, आणि २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं असं झालंय की मुदतीत दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा. आमच्या दोन पार्ट्या पूर्वी मार्चमध्ये फोन उचलायच्या नाहीत, आता त्यांचा अकाउंटंट स्वतः फोन करतो.


बारा_टायर

मी चुलतभावाच्या बाजूनं आहे. ट्रकवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचा १८ झालाय. आपण ट्रान्सपोर्टवाले बहुतेक ५ टक्क्यात, आणि तो पण पार्टी भरते रिव्हर्स चार्जनं, म्हणजे गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, तो सगळा अंगावर पडतो. म्हणून हे कमी झालेले दहा टक्के खरेच आपल्या खिशात राहतात. एवढ्या मोठ्या गाडीच्या किमतीवर ती रक्कम लहान नाही.

आणि काम हातात असताना गाडी नाही म्हणून सांगितलं की पार्टी दुसऱ्याकडं जाते, परत येत नाही. विजय संकेश्वर यांनी १९७६ ला गदगमध्ये एकाच ट्रकवर सुरुवात केली होती, आज त्यांची व्हीआरएल ट्रान्सपोर्ट कंपनी कुठं आहे बघा. गाड्या वाढवल्याशिवाय कोण मोठं झालंय?


उद्यमबाग_केए२२

बारा टायर, जीएसटीचं तुमचं बरोबर आहे, तो मुद्दा मला पण सुचला नव्हता. पण विजय संकेश्वर साहेबांनी पार्सल धरलं, गावोगाव ऑफिसं आणि गोडाऊन उभी केली. नुसत्या गाड्यांनी ते झालं नाही, ते पण सांगा की ओ.

आणि अजून एक, दहा गाड्यांची रेषा. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या झाल्या नाहीत तर गाडीमागं ठराविक उत्पन्न धरून इन्कम टॅक्स भरता येतो (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एई), वह्या दाखवायची कटकट नाही. बारा टनांच्या वरच्या गाडीला टनामागं महिन्याला १,००० रुपये. दहा चाकीचं पासिंग वजन (गाडी आणि माल मिळून) आता २८.५ टन आहे (२०१८ पूर्वी २५ होतं), म्हणजे वर्षाला ३ लाख ४२ हजार उत्पन्न धरलं जातं. पार्टी टीडीएस कापत नाही ते पण दहा गाड्यांपर्यंतच, पॅन देऊन तसं लिहून द्यावं लागतं. अकरावी गाडी घेतली की दोन्ही गेलं. आम्ही अकरावर गेलो तेव्हा पहिल्याच वर्षी टीडीएसमध्ये एवढे पैसे अडकले की टायरला उसने घ्यावे लागले, रिफंड आला पण तोवर जीव गेला.

यांच्याकडं पाच आणि चार वेगवेगळ्या नावावर आहेत म्हणून आत्ता लगेच अडचण नाही, रेषा माणसागणिक आहे. पण पुढं एका फर्मखाली आणायचं म्हटलं तर नऊ अधिक दोन अकरा होतात, ते डोक्यात ठेव.


वखारवाली_खानापूर

दादा, मी वडिलांची खानापूर रोडवरची दोन गोडाऊन बघते, आठ वर्षं झाली. तुमचा चहाचा किस्सा वाचून कसंतरी झालं, आमच्याकडं असंच बिस्किटांचं झालेलं, शेजारच्या खणात खताची पोती होती. तेव्हापासून खाण्याचा माल आणि खत एका छपराखाली ठेवतच नाही, कितीही भाडं मिळू दे.

गोडाऊन बांधा असंच मी म्हणेन, पण जागेचं आधी बघा. सव्वादोन एकर म्हणजे ९० गुंठे, ऐकायला खूप वाटतात. नॅशनल हायवेच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत बांधकाम चालत नाही. तुमची जागा हायवेला लांबलचक आणि मागं अरुंद असेल तर निम्मी अशीच जाते. त्यात हायवेवरून आत गाडी वळवायला वेगळी परवानगी लागते, शेतात ट्रॅक्टर जातो म्हणून गोडाऊनला वाट आहे असं होत नाही. माझ्या मामेभावानं आधी शेड उभं केलं आणि मग परवानगीला गेला, दीड वर्ष शेडला कुलूप होतं. आणि उताऱ्यावर जमीन शेतीची असेल तर एनए (बिगरशेती) करून घ्या, जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, कागद सगळे कन्नडमध्ये, घरात कोणाला नीट वाचता येत नसेल तर ओळखीचा माणूस शेजारी बसवून ओळ अन् ओळ समजून घ्या, नुसती सही करू नका. आम्ही एकदा केलीय तशी सही, खाते-हिस्सा चुकला तो दुरुस्त करायला दोन वर्षं गेली.

दुसरं, २०१९ ला तुमच्या जागेत पाणी कुठपर्यंत आलेलं? तुमच्याकडं हिरण्यकेशी आहे, तिकडं यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं सगळ्यांनी बघितलंय. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते बोट दाखवून सांगतील. जोतं त्याच्या वर घ्या.

बांधताना फरशी ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला, साधारण चार फूट, म्हणजे हमालाला पोतं खांद्यावर घेऊन चढउतार नाही, सरळ आत. आमच्या जुन्या गोडाऊनला फरशी जमिनीबरोबर आहे आणि नव्याला उंच, एकच गाडी जुन्याला उतरायला तीन तास घेते, नव्याला दीड. आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच. थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, खाली लाकडी फळ्या, आणि वर पत्र्याला पाणी ठिबकतंय का ते मृगाच्या आधी स्वतः चढून बघायचं, माणूस पाठवायचा नाही. मी चढते.

जीएसटीचं पण आधी कळून घ्या. शेतकऱ्याचा जसा आला तसा शेतमाल, धान्य, कडधान्य, फळं, भाजी यांच्या साठवणुकीवर टॅक्स नाही. पण गूळ त्यात बसत नाही, २०२२ च्या १८ जुलैपासून गूळ, मसाले, सुकामेवा यांची साठवणुकीची सूट काढली, १८ टक्के लागतात. निपाणी-संकेश्वरला गुळाचे व्यापारी तुमच्याकडं येणारच, भाडं ठरवतानाच सांगा, नाहीतर नंतर तो म्हणतो तुम्ही सांगितलं नव्हतं.

आणि विमा. शेडचा विमा म्हणजे आतल्या मालाचा विमा नव्हे. माल कोणाचा, विमा कोणी काढायचा, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. तुमच्या वडिलांनी चहाचे पैसे भरले ते त्यांचं मोठेपण, पण गोडाऊनला आग लागली तर मोठेपणानं भागणार नाही.


तात्या_चिकोडी

बाळा, मी पस्तीस वर्षं गाड्या केल्या, आता डोळ्यांमुळं बंद. ८१ ला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीला हायवे अडवला तेव्हा मी क्लीनर होतो, गाडीतच झोपायचो, गावातल्या बायका पिठलं भाकरी आणून द्यायच्या. त्या रस्त्यावर लै माणसं वर चढताना आणि खाली येताना बघितली.

तुझ्या लिहिण्यात मला गाडी आणि गोडाऊनपेक्षा दुसरीच गोष्ट दिसली. पाच वडिलांच्या नावावर आणि चार आप्पांच्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी असंच होतं, सात गाड्या, सगळ्या दाजींच्या नावावर, धंदा तिघा भावांचा. दाजी अचानक गेले. तेराव्यापर्यंत कोणी कागद बघितला नाही, आणि आपल्यात बघत पण नाहीत. मालक गेला तर तीस दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायची, परमिटचं पण तसंच. त्यांनी कळवलंच नाही. बँकेनं खातं थांबवलं, जीएसटी नंबर दाजींच्या पॅनवर, बिल करायचं कुणाच्या नावानं? दोन भाऊ म्हणाले तीन गाड्या आमच्या पैशाच्या, बहीण म्हणाली कागद दाखवा. कागद कुठला, सगळं तोंडी. सात गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, उंदरांनी वायरिंग खाल्लं, टायर बसले. ज्या भावांनी एका ताटात जेवून धंदा केला ते आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

म्हणून सांगतो, वडील आणि आप्पा दोघं बसलेले असताना, दोघं धडधाकट असताना, पार्टनरशिप डीड करा. कुणाचे किती आणे, जागा कुणाची, धंद्यानं जागेचं भाडं द्यायचं की नाही, पोरं कधी आत येणार, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी काढायची. वर त्या भावानं दहा गाड्यांचं सांगितलं ते खरं, फर्म केली तर सवलत जाईल कदाचित, जाऊ दे. सीएची फी कोर्टापेक्षा स्वस्त आहे.

आणि तुझी सव्वादोन एकर कुणाच्या नावावर आहे ते तू लिहिलं नाहीस. आजोबांच्या नावावर असेल तर आत्यांचा पण हिस्सा आहे, त्यांना विचारल्याशिवाय एक वीट ठेवू नकोस.

सीमेवरचं एक. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा काचा फुटलेले ड्रायव्हर मी बघितलेत. त्यांचा काय दोष होता? तुमच्या गाड्या केए २३, म्हणजे कर्नाटक पासिंगच्या असतील, तिकडं कोल्हापुरात पण कधी वातावरण तापतं. असा दिवस दिसला की गाडी एक दिवस उशिरा सोडा, पार्टीला आधी फोन करा. दोन्हीकडं तुमचा माल आहे म्हणजे दोन्हीकडं तुमची माणसं आहेत. गोडाऊन हायवेला असलं तर अशा दिवशी गाडी आत घेऊन गेट लावता येतं, हे पण त्याच्या बाजूनं मोजा.


बारा_टायर

तात्या, वाचून थांबलोच. आमच्या पण सहाच्या सहा वडिलांच्या नावावर आहेत. आज रात्रीच बोलतो.


हायवेकाठी_संकेश्वर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण घरात हेच चाललं होतं.

तात्या, तुमचं लिहिलेलं मी वडील आणि आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं, जेवणं झाल्यावर. दाजींच्या अंगणातल्या गाड्यांपर्यंत आलो तेव्हा आप्पा उठून बाहेर गेले, थोड्या वेळानं आत आले आणि म्हणाले सीएला सोमवारी बोलाव. जमीन आजोबांच्याच नावावर आहे. दोन आत्या आहेत, एक हुक्केरीला, एक कागलला. दोघींना दिवाळीला नाही, याच रविवारी बोलावलंय. थोरली आत्या फोनवर म्हणाली इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं, मी येते.

तारा नऊ केल्या. आईनंच केल्या, भिंतीला नऊ खिळे मारून प्रत्येकाखाली गाडीचा नंबर खडूनं लिहिलाय. अजून महिना झाला नाही पण एका बारा चाकीची तार बाकीच्यांच्या दुप्पट जाड दिसायलीय, चुलतभाऊ रोज तिच्यासमोर उभा राहतो. दोन गाड्यांचा विषय त्यानं स्वतःच मार्चपर्यंत थांबवलाय, आधी ह्या बारा चाकीचं काय ते बघू म्हणाला.

वखारवाली ताई, काल आम्ही दोघं भाऊ टेप घेऊन गेलो. दुभाजकापासून धरलं, एकजण वाहनं बघायला आणि एकजण टेप धरायला, ४० मीटर मोजले तर विहिरीच्या अलीकडच्या जांभळीपाशी आलो. जागा हायवेला लांब आहे आणि मागं निमुळती, तुम्ही म्हणाला तशीच. मागं उरतं ते आमच्या अंदाजानं पस्तीस गुंठे. विहिरीच्या कठड्यावर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या गुडघ्याच्या वर येते. म्हणजे चार फुटाचं जोतं तिथं जमिनीपासून धरून चालणार नाही, भराव लागणार. भरावाला मुरूम किती लागेल आणि त्यावर फरशी टाकायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्यायचा का, हे तुमच्याकडं कसं केलं ते सांगाल का? उद्या सर्व्हेयर येतोय, त्याच्यासमोर विचारायला बरं पडेल.


वखारवाली_खानापूर

जाऊ द्या एक पावसाळा. आम्ही नव्या गोडाऊनचा भराव फेब्रुवारीत टाकला, थर थर करून रोलर फिरवला, पाणी मारलं, आणि फरशी पुढच्या जानेवारीत घातली. वडिलांना घाई होती, मीच अडून बसले. त्या पावसात एका कोपऱ्याला वीतभर खचलं, फरशी झाली असती तर तिथंच तडकली असती. सर्व्हेयरला विहीर नकाशावर दाखवायला सांगा, आणि विहिरीच्या बाजूचा भराव दगडी पिचिंगनं (उतारावर दगड रचून) धरा. मुरमाचा हिशोब लांबी रुंदी पाठवली की करून देते.